दुपारी बारा पस्तीस: पुण्यात बसून ऑल ब्लॅक्स बघायची रीत

न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये, मी अकरा वर्षं होते. आई एकटी पडली म्हणून २०१८ साली पुण्याला परत आले. मुलगा तिकडेच राहिला आणि रग्बीही. मुलगा फोनवर भेटतो, रग्बीचं मात्र सगळं नव्याने बसवावं लागलं. आमच्या सोसायटीत रग्बी म्हटलं की लोक हेल्मेट घातलेले अमेरिकन डोळ्यांपुढे आणतात. तेव्हा ज्यांना इथे बसून हा खेळ, त्यातही ऑल ब्लॅक्सना म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, मनापासून बघायचंय, त्यांच्यासाठी माझ्या सात-आठ वर्षांच्या चुकांमधून तयार झालेली ही रीत.

पहिलं काम घड्याळाचं. ॲप, जर्सी, नियम सगळं नंतर.

न्यूझीलंडमधली टेस्ट बहुतेक वेळा तिथल्या संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होते. (देश विरुद्ध देश सामन्याला रग्बीतही टेस्टच म्हणतात, फक्त ती पाच दिवसांची नसते, ऐंशी मिनिटांची असते.) जुलै ते सप्टेंबर तिकडे हिवाळ्याचं घड्याळ चालतं, तेव्हा आपल्यात आणि त्यांच्यात साडेसहा तासांचं अंतर असतं. म्हणजे इथे शनिवारी दुपारचे बारा पस्तीस. सिडनीला पावणेआठची टेस्ट असेल तर आपल्याकडे सव्वातीन, चहाच्या आधी. दक्षिण आफ्रिकेत संध्याकाळी पाच-दहाला सुरू होणारी आपल्याकडे रात्री आठ चाळीसला, म्हणजे जेवणं लवकर उरकून. नोव्हेंबरमध्ये सगळे युरोपात जातात. लंडन किंवा कार्डिफची दुपारी तीन-दहाची टेस्ट पुन्हा आठ चाळीसलाच येते, पण पॅरिसची रात्री नऊ-दहाची असेल तर रात्रीचे एक चाळीस. अर्जेंटिनाचं नाव काढू नका. तिथले सामने मी रविवारी सकाळी बघते.

हे पाठ करू नका, कारण आपलं घड्याळ हलत नाही, पण बाकीच्या बऱ्याच जणांची घड्याळं वर्षातून दोनदा हलतात. न्यूझीलंडचं सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, युरोपचं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या शेवटच्यानेच मला गंडवलं. १ नोव्हेंबर २०२५ ला शिकागोत आयर्लंडशी सामना होता, तिथल्या दुपारी तीन-दहाला. मी आपली हुशारी करून हिवाळ्याचं अंतर धरलं, साडेअकरा तास, आणि पहाटे दोन चाळीसचा गजर लावला. अमेरिकेची घड्याळं मागे सरकायला अजून एक रात्र बाकी होती. गजर वाजला, चहा टाकला, लॅपटॉप उघडला, तर दुसरं सत्र चालू! आयर्लंड पुढे. शेवटी न्यूझीलंड २६–१३ जिंकलं हा भाग निराळा, पण तिसऱ्याच मिनिटाला आयर्लंडचा टाइग बर्न ज्या टॅकलसाठी बाहेर गेला, तो मी दुसऱ्या दिवशी पाहिला.

तेव्हापासून मी गणित करत नाही. फोनच्या घड्याळात सहा शहरं घालून ठेवली आहेत: वेलिंग्टन, सिडनी, जोहान्सबर्ग, लंडन, पॅरिस, ब्यूनोस आयर्स. सामना कॅलेंडरमध्ये टाकताना वेळ सामन्याच्या गावाची टाकायची आणि टाइमझोनही त्याच गावाचा निवडायचा. आपल्या वेळेत किती वाजतात ते फोन सांगतो. २०२७ चा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर. त्यासाठी आत्ताच सांगून ठेवते: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीचं घड्याळ तासाने पुढे जातं, ब्रिस्बेन आणि पर्थचं जात नाही. एकाच देशातल्या या तीन गावांची तीन निरनिराळी अंतरं, आणि वर मध्ये आपली दिवाळी.

घड्याळानंतर पंचांग. हसू नका. दुपारी बारा पस्तीस ही मराठी घरातली सगळ्यात अवघड वेळ आहे, कारण ती पानं घ्यायची वेळ आहे. १३ सप्टेंबर २०२५ ला वेलिंग्टनलाच दक्षिण आफ्रिकेशी टेस्ट होती, ज्या स्टेडियममध्ये मी अकरा वर्षं वारा खाल्ला त्याच. आणि इथे पितृपक्ष चालू, नेमकी त्याच दिवशी बाबांची तिथी. गुरुजी आले साडेबाराला. मी स्वयंपाकघरात कढीला फोडणी देता देता ओट्यावर फोन उभा करून पहिलं सत्र पाहिलं, आवाज बंद ठेवून. मध्यंतराला आपण १०–७ पुढे. म्हटलं, चला, आता निवांत वाढायला घेऊ. वाढणं, आग्रह, दक्षिणा, सगळं उरकून परत आले तर ४३–१०. दुसऱ्या सत्रात दक्षिण आफ्रिकेचे ३६ आणि आमचा भोपळा. ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा पराभव, आणि तो घडत असताना मी खीर वाढत होते. तेव्हा जानेवारीत कालनिर्णय भिंतीवर लावला की सामन्यांच्या तारखा त्यावर पेनाने लिहून टाका. घरातल्यांनाही दिसतात, आणि ‘आम्हाला कुठे सांगितलंस’ हे वाक्य ऐकावं लागत नाही.

आता बघायचं कुठे. भारतात रग्बीचे प्रक्षेपणहक्क स्पर्धेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, त्यामुळे मी आज एका ॲपचं नाव दिलं तर पुढच्या मोसमात तुम्ही मला शिव्या द्याल. वर्ल्ड रग्बीची रग्बीपास टीव्ही ही स्वतःची मोफत सेवा आहे. नाव नोंदवा आणि तिथून सुरुवात करा. जिथे हक्क कोणी घेतलेले नसतात तिथे काही सामने त्यावर थेट दिसतात, शिवाय जुने सामने असतात. मी एकदा एका मालिकेसाठी एका ॲपचं वर्षभराचं सदस्यत्व घेतलं आणि तिसरी टेस्ट त्यावर नव्हतीच. म्हणून शोधाशोध गुरुवारी करायची, शनिवारी बाराला नाही. गुरुवारच का, तर ऑल ब्लॅक्सचा संघही साधारण त्याच दिवशी जाहीर होतो. दोन्ही कामं एका बैठकीत होतात.

संघाची ती यादी वाचायला शिका. टीव्हीवर समालोचक जे दहा मिनिटांत सांगतो ते तिथे आधीच लिहिलेलं असतं. क्रिकेटमधल्यासारखा इथला नंबर खेळाडूच्या आवडीचा नसतो, तो कामाचा असतो. १, २, ३ म्हणजे स्क्रमची, दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांदे भिडवून रेटतात त्याची, पहिली फळी. ४ आणि ५ उंच, लाइनआउटला (बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकतात तेव्हा) उडी मारणारे. ७ नंबरचा सतत जमिनीवर, चेंडू चोरायच्या मागे. ९ चेंडू बाहेर काढतो, १० सगळं ठरवतो. ११ आणि १४ कडेने पळतात, १५ शेवटचा पहारेकरी. १६ ते २३ बदली. बदलींत धिप्पाड फॉरवर्ड किती आणि पळणारे बॅक किती यावरून प्रशिक्षकाच्या मनातलं कळतं. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला, आमच्याविरुद्ध, दक्षिण आफ्रिकेने आठांपैकी सात फॉरवर्ड बसवले होते. म्हणजे दुसऱ्या सत्रात ताज्या दमाचे रेडे सोडणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

नियमांना घाबरू नका. ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवणं) ५ गुणांचा, त्यावरची कन्व्हर्जनची किक २, पेनल्टीची किक ३, चेंडूला टप्पा देऊन मारलेला ड्रॉप गोल ३. चेंडू हाताने फक्त मागे किंवा आडवा द्यायचा. एवढ्यावर माझी आई, वय ७८, पहिला सामना बघायला बसली. दहा मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, “पुढे जायचंय आणि चेंडू मागे देतायत. सरकारी काम दिसतंय.” लाइनआउट तिला क्षणात कळला: बाहेरून चेंडू आत फेकतात, दोघं मिळून तिसऱ्याला मांड्यांना धरून वर उचलतात. “अगं, ही तर दहीहंडी!” तेव्हापासून आमच्या घरात लाइनआउटला हंडीच म्हणतात. चेंडू मिळाला की ‘फुटली’, निसटला की ‘पडला गोविंदा’.

अवघड आहे तो रक. चेंडूवाला पकडला गेला, खाली पडला की त्याने चेंडू सोडायचा आणि पकडणाऱ्याने त्याला. मग दोन्ही बाजूचे वरून येऊन रेटतात. कबड्डी बघितलेल्या माणसाला पकड लगेच समजते, पण इथे पकडीनंतरच खरा खेळ सुरू होतो, आणि बऱ्याचशा पेनल्टी याच ढिगाऱ्यात मिळतात. यावर उपाय एकच: रेफरीचं ऐका. त्याच्या अंगावर माइक असतो आणि तो सारखा बोलत असतो. ‘रिलीज’, ‘हँड्स ऑफ’, ‘यूज इट’. समालोचकापेक्षा त्याचा आवाज मोलाचा. मी तर समालोचकाचं ऐकणंच सोडलंय.

कार्डांचं थोडं सांगते, कारण त्यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. पिवळं म्हणजे दहा मिनिटं बाहेर. रेफरीने दोन्ही हात एकमेकांवर आडवे धरले की समजायचं, प्रकरण वरच्या खोलीत, व्हिडिओ बघणाऱ्या पंचांकडे गेलं. तिथे आठ मिनिटांत ठरतं की पिवळंच राहील की लाल होईल. २०२३ मध्ये लाल म्हणजे गेलाच, संघ उरलेला पूर्ण वेळ चौदा जणांचा. शिकागोत बर्नला मिळालं ते वीस मिनिटांचं लाल होतं. तो परत येत नाही, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो. मला हा बदल पसंत आहे. का, ते फायनलचं ऐकलंत की कळेल.

ती फायनल पॅरिसला रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला, २८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र उलटल्यावर. कोजागिरी होती, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. आईने वेध पाळले होते, त्यामुळे मसाला दुधाचं पातेलं तुळशीचं पान घालून झाकलेलं. एक वाजून पाच मिनिटांनी ग्रहण लागलं आणि त्याच सुमाराला आमचा कर्णधार सॅम केन टॅकल चुकल्यामुळे मैदानाबाहेर गेला. पिवळं होतं, बसल्या जागी त्याचं लाल झालं. आई म्हणाली, “ग्रहणात नवीन काही करू नये म्हणतात ते उगाच नाही.” चौदा जणांनी ५८व्या मिनिटाला ट्राय केला, बोडन बॅरेटने. कन्व्हर्जन हुकलं. मग जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी हुकली. दक्षिण आफ्रिका १२–११ जिंकली. मोक्ष अडीचच्या आत झाला, दूध गरम केलं, आणि ते प्यायची इच्छा कोणालाच नव्हती. आईने माझ्या कपात दोन चमचे साखर जास्त घातली, न विचारता.

जे सामने थेट बघता येत नाहीत, त्यांच्यासाठी तोंड आणि कान बंद ठेवायची शिस्त लागते. भारतात हे सोपं आहे, कारण इथे कोणी सांगणारच नाही. धोका घरातूनच असतो. माझा मुलगा स्टेडियमवरून मेसेज टाकायचा, आणि आमच्या इंटरनेटवर चित्र जवळजवळ एक मिनिट मागे. तिकडून ‘येस्स्स’ आलं की मला कळायचं, आता ट्राय होणार. आता सामना चालू असताना फोन पालथा. आणि रविवारी सकाळी बघायचा असेल तर आमची खूण ठरली आहे. सामना बघण्याजोगा झाला असेल तर तो लिहितो ‘वेळ काढ’, नाही तर ‘स्वयंपाक कर’. कोण जिंकलं हे दोन्हींतून कळत नाही. यूट्यूबवर मात्र स्कोअर शोधायला जाऊ नका, हायलाइट्सच्या चित्रावरच निकाल छापलेला असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑल ब्लॅक्सच्या टेस्ट नसतात. तेव्हा सिक्स नेशन्स बघा: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली. बरेच सामने रात्री जेवणानंतर येतात. त्यातला इंग्लंड-स्कॉटलंड तर बघाच, कारण तो ज्या कलकत्ता कपसाठी होतो तो आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ च्या सुमाराला बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा चषक घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. पहिला सामना १८७९ चा. आई म्हणते, रुपये परत मागा. आणि प्रत्यक्ष मैदानात चिखल उडताना बघायचा असेल तर पावसाळ्यात मुंबईला बॉम्बे जिमखान्याकडे चक्कर मारा.

सुरुवात करणाऱ्याने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची ब्लेडिस्लो कपची टेस्ट निवडावी. वेळ सोयीची, चेंडू हातोहात फिरतो, आणि २००३ पासून तो चषक न्यूझीलंडकडेच असल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने ओरडायलाही मजा येते. दहा मिनिटं आधी बसा, ‘हाका’ हा ऑल ब्लॅक्सचा सामन्याआधीचा माओरी नाच चुकवू नका. एकटे बसू नका, शेजारच्या एखाद्या पोराला तरी बोलवा. आणि बारा पस्तीसची असेल तर वरणभाताचा कुकर बाराला लावून मोकळे व्हा.

अडीचच्या सुमाराला सामना संपतो. मी टीव्ही बंद करत नाही, पण आवाज कमी करते आणि फोन सुलटा करते. तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. वेलिंग्टनचा सामना असेल तर पोरगं स्टेडियमवरून स्टेशनकडे चालत निघालेलं असतं, जॉन्सनव्हिलच्या गाडीसाठी, आणि फोनवर पहिले दोन मिनिटं मला फक्त वारा ऐकू येतो.