एसडी-वॅन घेताना या चुका टाळा: डेमो बीकेसीत नको, भिवंडीत घ्या

एसडी-वॅन म्हणजे कंपनीच्या ब्रँच एकमेकींना जोडणारी आणि प्रत्येक ब्रँचमधल्या दोन-तीन इंटरनेट लाइनींतली बरी लाइन आपोआप वापरणारी व्यवस्था; त्यासाठी ब्रँचमध्ये राउटरसारखा एक डबा बसतो. व्हेंडरचा डेमो बहुतेक वेळा बीकेसीतल्या एसी मीटिंग रूममध्ये होतो. एक केबल उपटली तरी व्हिडिओ कॉल सुरूच राहतो, मालक खूश होतात आणि ऑर्डर निघते. पण हा डबा चालणार आहे भिवंडीच्या गोडाऊनमध्ये, जुलैच्या पावसात, समोरचा रस्ता खणलेला असताना. त्यामुळे चाचणी आपल्या सगळ्यात रडक्या ब्रँचमध्येच घ्यावी, आणि जमलं तर पावसाळ्यातच.

दोन बिलं म्हणजे दोन लाइन नव्हेत

ही चूक मी स्वतः केली आहे. एका ग्राहकाच्या गोडाऊनला दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या होत्या. गटाराच्या कामात जेसीबीचा दात लागला आणि दोन्ही एकदम गेल्या, कारण शेवटच्या टप्प्यात दोन्ही एकाच चरातून येत होत्या. बिलिंग बंद पडलं, गाड्या संध्याकाळपर्यंत गेटवर उभ्या. मी बिलं पाहिली होती, वायरचा रस्ता पाहिला नव्हता. एसडी-वॅन आहे त्या लाइनींतली बरी लाइन निवडतं. नसलेली लाइन ते आणणार कुठून?

आता मी खरेदीआधी इमारतीपासून खांबापर्यंत चालत जातो. एक फायबर असेल तर दुसरी लाइन वायरलेस किंवा ४जी-५जी सिमची घेतो. जिन्याखालच्या पेटीतल्या, इंटरनेट कंपनीच्या स्विचला बॅटरी आहे का, हेही बघतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत ग्रिड बसली होती, तशी वेळ आली तर आपल्या राउटरला यूपीएस असून उपयोग नसतो. पेटीतला स्विच बंद म्हणजे लाइन बंद.

लाइन मेली नाही, आजारी आहे

केबल काढून दाखवणं ही सोपी परीक्षा आहे. खरा त्रास होतो लाइन सुरू असून तीन-चार टक्के पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळतात तेव्हा. फोनवर आवाज तुटतो, पण डॅशबोर्ड हिरवाच. व्हेंडरला सांगा, चालू कॉलमध्ये मुद्दाम लॉस (पॅकेटची गळती) आणि जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) घाला, आणि कॉल दुसऱ्या लाइनवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. आवाज एका बाजूने पोचायला लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे.

डेटाशीटवरचा वेगही असाच तपासा. तो आकडा पुष्कळदा मोठ्या पॅकेटवर आणि सुरक्षेची फीचर्स बंद ठेवून काढलेला असतो. आयपीसेक (डेटा सांकेतिक करून पाठवणं), फायरवॉल, कुठल्या अॅपचं ट्रॅफिक आहे ते ओळखणं, सगळं सुरू करून मोजायला लावा.

बसवल्यावर येणारी दोन दुखणी

पिंग जातो, ईआरपी (हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) उघडतं, पण मोठी फाइल मध्येच अडकते? आधी एमटीयू, म्हणजे लाइनमधून एका वेळी जाणाऱ्या पॅकेटची कमाल मर्यादा, बघा. आयपीसेकचं हेडर चढल्यावर १५०० बाइटचं पॅकेट लाइनमध्ये मावत नाही. टनेलचा (दोन डब्यांमधल्या सुरक्षित जोडणीचा) एमटीयू आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) खाली आणला की बहुधा सुटतं.

दोन ब्रँचमध्ये थेट टनेल बनत नसेल, तर दोन्ही ब्रॉडबँड लाइन सीजीनॅटमागे असण्याची शक्यता मोठी, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच पब्लिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग अंधेरी ते भिवंडी ट्रॅफिक व्हेंडरच्या गेटवेवरून फिरतं. तो गेटवे मुंबईत आहे की सिंगापूरला, हे आधीच विचारा, आणि निदान हेड ऑफिसला स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, घ्या.

करारातलं

वेलोक्लाउड ही एसडी-वॅन कंपनी २०१७ मध्ये व्हीएमवेअरकडे गेलं, २०२३ मध्ये व्हीएमवेअरसकट ब्रॉडकॉमकडे आणि २०२५ मध्ये अरिस्टाकडे. कंपनीचा मालक बदलला तरी रिन्यूअलचा दर आणि सपोर्ट तोच राहील, असं लेखी घ्या. लायसन्स संपल्यावर ट्रॅफिक सुरू राहतं की थांबतं, तेही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात; सगळे डबे चालवणारा कंट्रोलर क्लाउडवर असेल तर ते कुठे राहतात ते विचारा.

बदली डबा ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी’ मिळेल, असं लिहिलेलं असतं. शनिवारी दुपारी डबा गेला तर तो दिवस थेट सोमवारी उजाडतो. म्हणून आम्ही एक जादा डबा गोडाऊनमध्येच ठेवतो. तो कॉन्फिगरेशन क्लाउडवरून आपोआप घेतो खरा, पण त्याआधी त्याला इंटरनेट मिळावं लागतं, आणि पीपीपीओई (लॉगिन करून सुरू होणाऱ्या) लाइनचा युजरनेम-पासवर्ड कुणीतरी हाताने टाकल्याशिवाय ते मिळत नाही. ती चिठ्ठी बंद पाकिटात घालून गोडाऊनच्या सुपरवायझरकडे दिलेली आहे, आणि डबा कसा बदलायचा हे त्याच्याकडून एकदा करूनही घेतलं आहे.