सोयाबीन पेरताना: एक बॅग डीएपी आणि जमिनीचा जमाखर्च

मराठवाडा-विदर्भात सोयाबीन म्हटलं की एकरी एक बॅग डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे खत), हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला. त्या 50 किलोंत 9 किलो नत्र (नायट्रोजन) आणि 23 किलो स्फुरद (फॉस्फरस) असतं. पालाश (पोटॅश) आणि गंधक नाहीच. आता काढणीकडून बघा. एकरी 10 क्विंटल दाणे बाजारात गेले की साधारण 12 किलो स्फुरद आणि 20 किलो पालाश शेताबाहेर जातं. कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकलं तर आणखी. म्हणजे स्फुरद साठत जातं आणि पालाश उपसलं जातं. चुनखडीच्या काळ्या रानात साठलेल्या स्फुरदातलं बरंचसं पिकाला मिळतच नाही, उलट जस्ताचं (झिंकचं) शोषण मात्र अडतं.

पूर्वी शेणखताच्या गाड्या पडत, सुपर फॉस्फेटमधून गंधक आपसूक मिळे. जनावरं घटली, सुपरच्या तीन बॅगांपेक्षा डीएपीची एक उचलायला सोपी वाटली. 2010 पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यानुसार अनुदान आलं. युरिया त्याबाहेर आणि स्वस्तच राहिला, त्यामुळे हात त्याकडेच वळतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश, 20 गंधक अशी आहे. एकरी त्यासाठी सिंगल सुपर फॉस्फेट 3 बॅगा (150 किलो), युरिया 26 किलो, म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) 20 किलो. गंधक सुपरमधूनच भागतं. सुपर मिळालं नाही तर 12:32:16 (नत्र-स्फुरद-पालाशाचं मिश्रखत) दीड बॅग, युरिया 6 किलो आणि दाणेदार गंधक 10 किलो घ्या. (नत्र-स्फुरद-पालाशाचं 4:2:1 हे प्रमाण सगळीकडे ऐकू येतं, ते तृणधान्याचं. सोयाबीनला लावू नका.)

सुपर आणि युरिया आदल्या रात्री मिसळून ठेवलं की सकाळी ओला गोळा होतो आणि पेरणी यंत्राची नळी तुंबते. मिसळलं की लगेच पेरा. खत बियाण्याच्या खाली-बाजूला दोन इंच पडू द्या. बियाण्याला चिकटलं तर कोंब जळतो.

माती तपासणीत जस्त 0.6 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 0.6 भाग) कमी असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून टाका, स्फुरदाच्या खतात कधीच नाही. पालाश हेक्टरी 280 किलोंच्या वर दिसलं तर मात्रा पाव भाग कमी करा. बंद करू नका. काळ्या रानात ‘पालाश भरपूर’ हा शेरा पाहून वर्षानुवर्षं पोटॅश न टाकणारेच जास्त.

पीक पिवळं दिसलं की युरिया फेकायची घाई नको. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. खालच्या पानांच्या कडा करपल्या तर पालाशाची. नत्राची शंका असेल तर महिन्याभराचं झाड ढेकळासकट उपटा, मुळं धुवा, मुळावरची गाठ नखाने फोडा. या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात. आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठी काम करताहेत, युरियाने त्या सुस्तावतील आणि नुसता पाला वाढेल. पांढरट किंवा हिरवट निघाली तर आधी रानात पाणी साचलंय का बघा, असेल तर चर काढून बाहेर काढा.