आधी उंदीर मोजा, मग पी काढा

थीसिसचे आकडे घेऊन बडोद्याच्या दांडिया बजारात माझ्याकडे येणारी पोरं चपला काढता काढताच विचारतात, "काका, टी-टेस्ट लावू की अनोव्हा?" सरासऱ्यांची तुलना करायच्या या चाचण्या, पण ते नंतर. आधी वहीत लिहा, एन किती, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र नमुने किती?

समजा ६ उंदरांची रक्तशर्करा प्रत्येकी ३ वेळा मोजली. एन १८ नव्हे, ६. एकाच उंदराचे तीन आकडे सख्खी भावंडं. त्यांवरून मशीन किती डळमळतं ते कळेल, उंदरा-उंदरांतला फरक कळणार नाही. म्हणून प्रत्येक उंदराच्या तिन्ही आकड्यांची सरासरी घ्या आणि पुढे फक्त ते सहा आकडे वापरा. औषध पिंजऱ्याच्या पाण्याच्या बाटलीतून दिलं असेल तर एन म्हणजे पिंजरे, कारण औषध अख्ख्या पिंजऱ्याला मिळालं, एकेका उंदराला वेगळं नव्हे. हे गाइडला सांगायला धीर लागतो, पण सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आधीचा आराखडा, लिहितानाच सांगा.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक्सेल नंतर उघडा.

आकडे धरू ९२, ९८, १०१, ९५, ११०, १०४. सरासरी १००. प्रत्येक आकडा शंभरापासून किती लांब, त्याचा वर्ग करा; बेरीज २१०. भागायचं ५ ने, कारण सरासरी ठरली की पाच आकडे मोकळे, सहावा आपोआप ठरतो. आले ४२, वर्गमूळ साधारण ६.५. ही एसडी, म्हणजे उंदीर एकमेकांपासून किती वेगळे. तिला ६ च्या वर्गमूळाने भागलं की २.६५, ही एसई, म्हणजे सरासरी कितपत पक्की. आलेखात सरासरीच्या वर-खाली काढलेले दांडे आखूड दिसावेत म्हणून बरेच जण एसई टाकतात आणि तसं लिहीतही नाहीत. काय टाकलंय ते लिहा.

टी-कोष्टकात ५ च्या ओळीला ९५ टक्क्यांसाठी २.५७ आहे. २.६५ ने गुणा, आले ६.८. म्हणजे खरी सरासरी कुठे असेल याचा ९५ टक्क्यांचा पट्टा ९३.२ ते १०६.८. तीच एसडी ठेवून एन १८ धरला तर पट्टा ±३.२ वर येतो, एकही उंदीर न वाढवता! परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

हे कोष्टक डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेटच्या कामातून आलं. १९०८ साली त्याने ते काम 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. दारूबंदीच्या गुजरातेत आपण त्याच्यावरच थीसिस पास करतो.

चाचणीतून पी, म्हणजे पी-व्हॅल्यू, ०.०३ आला तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ३ टक्के" असं बोलू नका. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ.

तोच उंदीर औषधाआधी आणि नंतर मोजला असेल तर पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे प्रत्येक उंदराचा आधी-नंतरचा फरक काढून त्या फरकांवर टी-टेस्ट. आलेखात सहाही उंदरांचे ठिपके दाखवा, आधीचा-नंतरचा रेघेने जोडा. एखादी रेघ उलटी गेली तर त्या दिवशीची नोंदवही काढा, खोडरबर नव्हे.