सह्याद्रीच्या रानात उंदीर-चिचुंद्र्यांच्या अभ्यासासाठी सापळे लावताय? या चुका टाळा

कोयना, महाबळेश्वर, आंबोली, रान कुठलंही असो, वनखात्याची लेखी परवानगी हातात नसेल तर सापळा पिशवीतून काढूच नका. परवानगी मिळाली की एकच कसोटी उरते: रात्री अडकलेला जीव सकाळी धडधाकट सुटला पाहिजे.

तिथेच बहुतेकांचं चुकतं. शर्मन सापळा म्हणजे ॲल्युमिनियमची घडीची पेटी. डोंगरावर पहाटे धुकं उतरलं की पत्रा गारठतो, आतून पाणी सुटतं आणि भिजलेला उंदीर काकडून मरतो. म्हणून मागच्या टोकाला मूठभर सुकं गवत कोंबा, पण ते दार पाडणाऱ्या पट्टीखाली सरकू देऊ नका, नाहीतर दार पडणारच नाही. वरून पालापाचोळा आणि झाडाची साल घाला. दिवसा सापळे मिटून ठेवा, कारण उन्हात हाच पत्रा तापतो.

चिचुंद्रीचं तर फारच जपावं लागतं. तिचं शरीर अन्न इतक्या झपाट्याने जाळतं की काही तासांचा उपासही तिला सोसत नाही. नुसते शेंगदाणे तिच्या कामाचे नाहीत, सोबत थोडी सुकट ठेवा. संध्याकाळी सापळे उघडले की रात्री एक आणि पहाटे एक फेरी हवीच. तेवढी माणसं नसतील तर सापळे कमी लावा, फेऱ्या कमी करू नका.

सगळ्यात छोटी चिचुंद्री जेमतेम दोन ग्रॅमची. तिच्या वजनाने पट्टी दबेलच असं नाही. ‘सापडली नाही’ म्हणून ‘इथे नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. तिच्यासाठी बुडाला भोकं पाडलेले, उघड्या तोंडाचे डबे जमिनीत पुरावे लागतात. साताऱ्याचं नाव लाभलेला रॅटस सातारे हा उंदीर झाडांवरही वावरतो, तेव्हा काही सापळे फांद्यांना बांधा.

गुळाचं आमिष नकोच. मुंग्या येतात आणि अडकलेल्या प्राण्याला सोडत नाहीत. रांग दिसली की जागा बदला. मोकळ्यावर ठेवण्यापेक्षा पडलेला ओंडका, खडकाची कपार किंवा मुळांची बेचकी बघा. पेटी डुगडुगता कामा नये.

किती सापळे किती रात्री लावले, याच्या हिशेबातही गफलत होते. ५० सापळे ४ रात्री लावले की २०० सापळा-रात्री धरल्या जातात. पण दार पडलेलं आणि आत कोणी नाही, असे सापळे निघतातच. प्रत्येकामागे अर्धी रात्र वजा करायची पद्धत आहे. असे २० निघाले तर १९० धरा.

उंदीर शेपटीने उचलू नका, शेपटीची कातडी सोलून निघते. कापडी पिशवीत घ्या, पिशवीसकट वजन करा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. दोडामार्ग-सत्तरीच्या पट्ट्यात माकडताप आहे आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी उंदरांच्या अंगावरही असतात. शिवाय उंदरांच्या मुतातून लेप्टोचा धोका. परतल्यावर ताप आला तर रानात उंदीर हाताळले होते, हे डॉक्टरांना आधी सांगा.