टेम्पो दारात येण्याआधी: ठाणे-नवी मुंबईत घर हलवण्याची तयारी

पॅकर्सवाल्याला फोन लावायच्या आधी वही घेऊन घरभर फिरा. ‘टू बीएचके आहे, किती घ्याल?’ असं विचारलं की पलीकडून लगेच आकडा येतो, पण तो कशाचा आकडा आहे हे दोघांनाही माहीत नसतं. एका टू बीएचकेत दोन बॉक्स बेड, तीन कपाटं आणि माळाभर भांडी असतात, शेजारच्यात दोन गाद्या आणि एक टेबल. शिफ्टिंगच्या दिवशी गेटवर होणारी भांडणं ठरलेल्या दरावरून क्वचित होतात, कुठेच न लिहिलेल्या गोष्टींवरून मात्र हमखास होतात. म्हणून यादी खोलीवार करा आणि हटकून सुटणाऱ्या जागा आधी बघा: माळा, बेडच्या पेटीतलं सामान, बाल्कनीतल्या कुंड्या, बाथरूममधला गीझर, पार्किंगमधली सायकल, गच्चीवर ठेवलेलं कूलरचं धूड.

ही यादी हातात असताना किमान तीन जणांना घर दाखवा. प्रत्यक्ष येऊन बघणारा उत्तम, नाहीतर व्हिडिओ कॉलवर एकेक कपाट उघडून दाखवा. न बघता ‘ठीक आहे, होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला बाजूला ठेवा. बघणाऱ्याकडून गाडीची लांबी कळली पाहिजे. छोटा हत्ती साधारण ७ फुटी, पिकअप ८ ते ९ फुटी, त्यावर १० फुटी टाटा ४०७ टेम्पो, मग १४ आणि १७ फुटी. भरलेलं टू बीएचके सहसा १४ फुटीत बसतं, बेड-कपाटं जास्त असली तर १७ फुटी लागते. गाडी लहान आली तर दुसरी फेरी पडते आणि तिचे पैसे कोणी द्यायचे यावर भर उन्हात वाद होतो. फुटांचा आकडा कागदावर घ्या, ‘मोठी गाडी’ हा शब्द चालवून घेऊ नका.

आता दोन्ही इमारती मापून घ्या. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये सर्व्हिस लिफ्ट असते, पण टेम्पो पोडियमवर (टॉवरखालच्या उंच चौथऱ्यावर) चढत नाही. स्लॅबची उंची आड येते, किंवा सोसायटी सोडत नाही. मग गाडी गेटबाहेर उभी राहते आणि गेट ते लिफ्ट हे अंतर माणसांना पायी तोडावं लागतं. त्याचे वेगळे पैसे लागतात, ते आधी बोलून ठेवा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि सिडकोच्या तीन-चार मजली घरांत लिफ्टच नसते. तिथे मजल्यामागे दर वाढतो आणि जिन्याच्या वळणावर सोफा अडकतो. तीन जणांचा सोफा ७ फुटांच्या आसपास असतो. लिफ्टची आतली उंची, दरवाज्याची रुंदी आणि जिन्यातल्या चौकाची मापं टेपने घ्या, आणि हेच नव्या घरीही करा, कारण इथून निघालेली वस्तू तिथे शिरत नाही हे संध्याकाळी ७ वाजता कळण्यात अर्थ नाही. सोफा दोरीने बाल्कनीतून चढवायची वेळ येणार असेल तर त्यासाठी माणसं जास्त लागतात आणि सोसायटीची परवानगीही.

सोसायटीचं काम आठवडाभर आधी सुरू करा. दोन्हीकडे. जुन्या सोसायटीतून सामान बाहेर काढायला गेटपास लागतो, भाडेकरू असाल तर त्यावर बहुतेक ठिकाणी घरमालकाची सही किंवा मेसेज मागतात, आणि देखभाल शुल्क थकलेलं असेल तर ऑफिस तिथेच थांबवतं. नवी सोसायटी नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि भाडेकरूच्या पोलीस पडताळणीची पावती मागते. सामान चढवायच्या वेळा, लिफ्टचं शुल्क, परत मिळणारं डिपॉझिट, रविवारी परवानगी आहे की नाही, हे सेक्रेटरीकडून लेखी घ्या, वॉचमनच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. नव्या सोसायटीत संध्याकाळी ६ नंतर सामान घेत नसतील आणि टेम्पो साडेसहाला पोचला, तर तुमचं घर रात्रभर गाडीत राहतं आणि मुक्कामाचं भाडं तुमच्या माथी बसतं. बरेच मूव्हर्स एकाच गाडीवर दिवसाला दोन कामं घेतात, त्यामुळे दुपारची वेळ मिळालेल्याकडे गाडी उशिरा येते. सकाळची पहिली वेळ मागा.

तारखेचंही गणित आहे. भाडेकरार महिनाअखेर संपतात म्हणून ३० तारखेपासून १ तारखेपर्यंत गाड्यांची ओढ असते, त्यात शनिवार-रविवार आला की दर आणखी चढतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी नव्या घरात जाणारे खूप. पितृपक्षात बहुतेक लोक घर बदलत नाहीत, तेव्हा मुहूर्त न पाळणाऱ्याला गाडी सहज मिळते. पावसाळ्यात बंद बॉडीची गाडी मागा. उघड्या गाडीवरची ताडपत्री चढ-उतार करताना काढावीच लागते आणि गाद्या नेमक्या तेव्हा भिजतात. कळव्याहून ऐरोलीकडे जाताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जोराच्या पावसात पाणी भरतं. अशा दिवशी कुठून जाणार आणि उंच बंद गाडी त्या पुलाखालून जाते का, हे चालकाला आदल्या दिवशीच विचारा. घोडबंदर रोडवर मोठ्या गाड्यांवर वेळेची बंधनं असतात आणि ती बदलत राहतात, म्हणून १७ फुटी घेणार असाल तर त्या आठवड्यात कोणत्या वेळा चालू आहेत ते ट्रान्सपोर्टवाल्याकडून पक्कं करून घ्या.

कोटेशन म्हणजे व्हॉट्सअपवरचा आकडा नव्हे. त्यात तुमची यादी, गाडीची लांबी, माणसं किती, पॅकिंगचं साहित्य कोणतं (पुठ्ठ्याचे खोके, बबल रॅप, कोरुगेटेड रोल, स्ट्रेच फिल्म), बेड-कपाट खोलून परत जोडायचं काम कोणाचं, एसी काढणं-बसवणं धरलंय का, मजल्याचे आणि लांब अंतराचे पैसे, टोल, रिकामे खोके परत नेणार का, इतकं सगळं हवं. ‘वाराई’ (सामान उतरवण्याची हमाली) हा शब्दही त्यात यायला हवा. काही संकुलांच्या गेटवर स्थानिक हमाल सामान उतरवण्याचे वेगळे पैसे मागतात आणि तुमच्या मूव्हर्सची माणसं हात बांधून उभी राहतात. तशी मागणी आली तर ती मूव्हर्सने निस्तरायची, तुम्ही काही देणं लागत नाही, अशी ओळ लिहून घ्या.

जीएसटी दरात धरलाय की वर लागणार, हे स्पष्ट करा. नुसत्या मालवाहतुकीवर सहसा ५ टक्के आणि पॅकिंगपासून उतरवण्यापर्यंतच्या एकत्र कामावर सहसा १८ टक्के लागतो. ३०,००० च्या कामावर हा फरक ३,९०० रुपयांचा आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की त्यावर नाव आणि पत्ता दिसतो. कोटेशनवरचं नाव, पोर्टलवरचं नाव आणि ज्या खात्यात आगाऊ रक्कम मागतात त्याचं नाव जुळलं पाहिजे. नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून चालवलेली दुकानं खूप आहेत. बाकीच्या दोघांपेक्षा निम्मा दर सांगणारा सामान गाडीत चढल्यावर दर वाढवतो, तेव्हा तुमचं सगळं घर त्याच्या ताब्यात असतं. तो सौदा करायची ती वेळ नव्हे, त्यामुळे असा दर आला की सोडून द्या. आगाऊ १० ते २० टक्क्यांवर देऊ नका. बाकीचे पैसे सामान उतरून मोजल्यावर.

विम्याच्या बाबतीत लोक फार फसतात, म्हणून नीट वाचा. मूव्हर्स ‘३ टक्के इन्शुरन्स’ म्हणून पैसे लावतात, पण पावतीवर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक नसेल तर तो विमा नाहीच, ती मूव्हर्सची तोंडी जबाबदारी आहे. खऱ्या विम्यात वस्तूवार किंमत लिहावी लागते. ४ लाखांचं सामान २ लाखांचं दाखवलं तर १०,००० च्या नुकसानीचे ५,००० च हातात पडू शकतात. नुसता अपघात-आग यांचा विमा आहे की हाताळणीतली मोडतोडही त्यात येते, हे विचारा, कारण शहरातल्या शहरात नुकसान होतं ते जिन्यात आणि लिफ्टच्या दारात. मालवाहतूकदाराच्या जबाबदारीला २००७ च्या ‘कॅरेज बाय रोड’ कायद्याखालच्या नियमांनी मर्यादा घातली आहे: जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. दावा लावायचा असेल तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी.

यंत्रांची तयारी तुम्हालाच करून घ्यायची आहे, पॅकिंगवाली मुलं ती करत नाहीत. स्प्लिट एसी काढायला आलेल्या मेकॅनिकला आधी पंप डाउन करायला सांगा आणि समोर उभे राहा. एसी कूलिंगवर चालू ठेवून बाहेरच्या युनिटवरच्या बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद होतो, गॅस युनिटमध्ये ओढला जातो, मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडतात. घाईवाला मेकॅनिक हे न करता थेट नट सोडतो. फस्स असा लांब आवाज आला की गॅस हवेत गेला समजा, आणि नव्या घरी ‘गॅस कमी आहे, भरावा लागेल’ हे बिल ठरलेलं. पाइपाची तोंडं लगेच टेपने बंद करायला लावा, आत दमट हवा गेली की पुढे कॉम्प्रेसरला त्रास होतो. तांब्याचा पाइप गुंडाळताना एकदा मुडपला तर तिथेच चिरतो. नव्या घरी जोडताना पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावणार का, जादा पाइपचा फुटामागे दर काय, भिंतीला भोक पाडायचे किती, हे तिन्ही प्रश्न काढायच्या दिवशीच विचारा.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनसोबत आलेले तीन-चार लांब ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. ते मागच्या बाजूला लावले की ड्रम जागेवर धरला जातो. त्यांच्याशिवाय मशीन टेम्पोत नेलं तर ड्रम झोके खातो आणि शॉक ॲब्सॉर्बर जातात. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमधून मागवा, त्याला दिवस लागतात. खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढून टाका. फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, मागच्या ट्रेमधलं पाणी ओता, दारं स्ट्रेच फिल्मने बांधा, चिकटपट्टीने नको, तिचे डाग जात नाहीत. तो उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात उतरतं. उभा आणला असला तरी नव्या घरी चारेक तास थांबून मगच सुरू करा. टीव्ही पॅक करण्यापूर्वी चालू करून पडद्याचा फोटो काढा, पुढे रेष आली तर तो फोटोच बोलेल.

पार्टिकल बोर्डाची कपाटं शक्यतो न खोलता न्या. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात परत घट्ट बसत नाही आणि दुसऱ्यांदा जोडल्यावर दार लोंबतं. खोलावंच लागलं तर प्रत्येक कपाटाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवी त्याच कपाटाच्या फळीला चिकटवून. पुस्तकांचा खोका लहानच, १५ किलोच्या आत. बश्या उभ्या रचा, आडव्या थप्पीतली खालची फुटते. खोक्यांवर क्रमांक टाका, आतल्या वस्तूंची नावं वहीत ठेवा. दागिने, घराचे मूळ कागद, औषधं, लॅपटॉप, देव्हाऱ्यातले देव आणि लोणच्याच्या बरण्या तुमच्या सोबत.

गॅसचा भरलेला सिलिंडर सामानात चढवू देऊ नका, एजन्सीकडून कनेक्शन बदलून घ्या. महानगर गॅसची पाइपलाइन असलेल्या घरातून सिलिंडरच्या घरात किंवा उलट जात असाल तर शेगडीचे जेट बदलावे लागतात, नाहीतर ज्योत नीट जळत नाही. महावितरणच्या मीटरचा रीडिंगसह फोटो दोन्ही घरी.

गाडी निघण्यापूर्वी तिचा क्रमांक, चालकाचा मोबाइल आणि खोक्यांची संख्या बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) लिहिली गेली आहे ना, बघा, आणि बिल्टीचा फोटो काढा. उतरवताना दारात एकाने वही घेऊन उभं राहायचं, क्रमांक येईल तशी खूण करायची. ‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली सही मागतील तेव्हा तिच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘खोके उघडून तपासायचे आहेत’, आणि जे फुटलेलं, खरचटलेलं दिसतंय ते वस्तूच्या नावासकट. ते लिहू देत नसतील तर बाकीची रक्कम थांबवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक त्यांच्यासमोर लावा. पैसे देण्याआधी स्वतः गाडीत चढून ताडपत्रीखाली आणि केबिनमागच्या कोपऱ्यात टॉर्च मारून बघा, झाडूचा दांडा आणि गाद्यांच्या दोऱ्या तिथेच राहतात.