कालवडीच्या गळ्यातली गाठ

गेल्या पावसाळ्यात आमची कालवड खुंट्याभोवती गुरफटली. गळ्यात मी सरकफास बांधला होता, तो आवळतच गेला. डोळे पांढरे झाले होते तिचे! विळ्याने दावं कापलं तेव्हा कुठे श्वास घेतला तिने.

आता बोलाइन (bowline) नावाची गाठच मारतो. हा फास आवळत नाही. आधी दाव्यावर छोटा वेढा घालायचा, खुंट्याकडची बाजू वेढ्याच्या खाली ठेवून. मोकळं टोक गळ्याभोवती फिरवून वेढ्यातून खालून वर काढायचं, खुंट्याकडच्या दाव्यामागून वळवून त्याच वेढ्यात परत खाली घालायचं. मग गच्च ओढायचं. गळ्याशी चार बोटं जायला हवीत.

नायलॉनचं दावं गुळगुळीत, ताण नसला की गाठ ढिली पडते. म्हणून टोक वीतभर ठेवून त्याची शेजारच्या पदराला आणखी एक गाठ मारतो.