गाडीने नायगारा ओलांडण्याआधी

बफेलोपर्यंत आलोच आहोत तर पलीकडे जाऊन कॅनडाच्या बाजूचा नायगाराही बघू, असं अमेरिकेतल्या मराठी घरांत हमखास ठरतं. पण भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, फिरायला आलेल्या आई-बाबांनाही. ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं.

खरी गोची एच-१बीवाल्यांची, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी. आत किती दिवस राहता येईल, ते आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, सांगतो. व्हिसाची मुदत संपली, पण आय-९४ चालू असेल, तर कॅनडात ३० दिवसांपर्यंत राहून परतता येतं. याला ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ म्हणतात. मात्र तिथे अमेरिकेच्या नव्या व्हिसाचा अर्ज केलात की ही सवलत गेली! आय-९४ची छापील प्रत जवळ असू द्या, फोनच्या भरवशावर राहू नका.

वारंवार ये-जा करणाऱ्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी ‘नेक्सस’ कार्ड सोयीचं; पाच वर्षं चालतं, रांग वेगळी. पण त्या रांगेत शिरायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे ते हवं, मागच्या सीटवरच्या तान्ह्या बाळाकडेसुद्धा.

‘ग्लोबल एंट्री’ या अमेरिकेच्या जलद प्रवेशाच्या कार्डावर अमेरिकेत परतताना ही रांग मिळते, कॅनडात शिरताना नाही.